27,000 की 1,350? ओल्ड क्रो नदीतल्या एका हाडाचं प्रकरण

1966 च्या उन्हाळ्यात कॅनडाच्या राष्ट्रीय संग्रहालयाचे पुराजीवशास्त्रज्ञ रिचर्ड हॅरिंग्टन युकॉन प्रदेशाच्या उत्तर टोकाला, ओल्ड क्रो नदीवर, हिमयुगातल्या प्राण्यांची हाडं गोळा करत होते. सोबत ओल्ड क्रो गावचे, तिथल्या मूळ रहिवासी ग्विचिन समाजातले पीटर लॉर्ड होते. 14N अशी खूण दिलेल्या जागी, मॅमथ आणि इतर नामशेष प्राण्यांच्या हाडांच्या पसाऱ्यात, त्यांना कॅरिबूच्या नडगीचं एक हाड मिळालं. कॅरिबू म्हणजे उत्तर अमेरिकेतला रेनडियर. हाडाचं एक टोक तिरकं छाटून त्याच्या धारेला बारीक दाते पाडलेले होते. सोललेल्या कातड्याच्या आतल्या बाजूला चिकटून राहिलेलं मांस आणि चरबी खरवडून काढायचं हे अवजार. असं काही माणसाच्या हाताशिवाय घडत नाही, यावर तेव्हा दुमत नव्हतं आणि आजही नाही.

वाद होता तो वयाचा. 1973 मध्ये पुरातत्त्वज्ञ विल्यम अर्व्हिंग आणि हॅरिंग्टन यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात या खरवडणीचं कार्बन-14 वय (प्राणी मेल्यावर त्याच्यातला कार्बन-14 ठरावीक गतीने घटतो, त्यावरून काढलेलं) जाहीर केलं: 27,000 वर्षं, अधिक 3,000 किंवा उणे 2,000. त्या काळी अमेरिका खंडात माणूस प्रथम आला तो सुमारे 13,000 वर्षांपूर्वी, क्लोव्हिस नावाच्या दगडी भाल्यांच्या टोकांसोबत, असं बहुतेक अभ्यासक धरून चालले होते. एका हाडाने तो काळ दुपटीने मागे नेला. पुढची तेरा वर्षं पाठ्यपुस्तकांपासून परिषदांपर्यंत या खरवडणीचं नाव निघत राहिलं आणि ओल्ड क्रो खोऱ्यात दोन मोठे संशोधन प्रकल्प उभे राहिले.

1986 मध्ये अर्ल नेल्सन, रिचर्ड मोर्लन आणि सहकाऱ्यांनी त्याच हाडाचं वय नव्या पद्धतीने पुन्हा मोजलं. उत्तर आलं 1,350 वर्षं, कमीजास्त 150. हॅरिंग्टन स्वतः या दुसऱ्या शोधनिबंधाचेही सहलेखक होते. ज्या वयामुळे आपला शोध जगभर गाजला, तेच वय खोडून काढणाऱ्या निबंधावर त्यांनी आपलं नाव घातलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

गोष्ट एवढीच असती तर ‘चुकीचं मोजमाप, दुरुस्त झालं’ म्हणून मिटली असती. पण थंड प्रदेशातल्या गाळात पुरातत्त्व करताना दोन प्रश्न कसे एकमेकांत गुंततात, हे दाखवणारं याच्याइतकं उघड प्रकरण मला दुसरं माहीत नाही. पहिला प्रश्न: या वस्तूवर माणसाचा हात फिरला आहे का? दुसरा: ही वस्तू किती जुनी आहे? ओल्ड क्रोमध्ये ज्या वस्तूवर हात नक्की होता तिचं वय चुकलेलं निघालं, आणि ज्या वस्तूंचं वय नक्की होतं त्यांवरचा हात संशयास्पद ठरला. हे असं का झालं याचं उत्तर तिथल्या जमिनीत आहे. म्हणून आधी जमीन.

बर्फ न चढलेला थंड प्रदेश

ओल्ड क्रो आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला आहे. गावाला आजही रस्ता नाही. विमानाने जायचं किंवा नदीने. उत्तरेला ओल्ड क्रो फ्लॅट्स नावाचा सखल, हजारो उथळ तळ्यांनी भरलेला पाणथळ प्रदेश पसरला आहे. एवढ्या उत्तरेला असूनही गेल्या हिमयुगात या खोऱ्यावर हिमनदी चढली नाही. कारण थंडी कमी होती असं नाही, ओलावा कमी होता. पॅसिफिकवरून येणारी बाष्पाची वारी दक्षिणेच्या उंच पर्वतरांगा अडवत, आणि बर्फ साचून हिमनदी व्हायला लागणारा हिमवर्षावच इथे होत नसे. समुद्राची पातळी तेव्हा सुमारे 120 मीटर खाली होती. सायबेरिया आणि अलास्का यांच्यामधला आजचा उथळ समुद्रतळ उघडा पडला होता. सायबेरियापासून युकॉनपर्यंतच्या या सलग गवताळ, कोरड्या, गोठलेल्या मुलखाला बेरिंजिया म्हणतात. मॅमथ, घोडे, स्टेप बायसन, सिंह, आखूड तोंडाची प्रचंड अस्वलं अशी जनावरं त्यावर नांदत होती. त्यांची हाडं हिमनदीच्या रगड्यातून वाचली, कारण इथे हिमनदीच नव्हती.

हिमनदी वर चढली नाही, पण तिने पूर्वेचं दार मात्र लावलं. कॅनडा झाकणारी लॉरेंटाइड हिमचादर पश्चिमेकडे सरकत रिचर्डसन पर्वतांच्या पूर्व उतारापर्यंत आली. त्याआधी या भागातलं पाणी पर्वतातल्या खिंडीतून पूर्वेकडे वाहत असे. वाट बंद झाल्यावर पाणी तुंबलं आणि ओल्ड क्रो, ब्लूफिश आणि बेल या खोऱ्यांमध्ये एक अवाढव्य तलाव भरला. त्याच्या तळाशी चिकणमाती बसली. तलाव भरत भरत पश्चिमेच्या कड्यावरून सांडला, सांडताना खडक कापत गेला आणि शेवटी रिता झाला. पॉर्क्युपाइन नदी तेव्हापासून पश्चिमेला वाहते आणि युकॉन नदीला मिळते. हिमनदीच्या नुसत्या शेजाराने एका नदीने दिशा बदलली, ती कायमची. कॅनडाच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या ओवेन ह्यूज यांनी या तलावांचा इतिहास जुळवला.

तलाव रिता झाल्यावर ओल्ड क्रो नदीला खाली कापायला मोकळीक मिळाली. मऊ गाळात ती वळणं घेत खोल उतरली आणि तिच्या काठांवर उंच दरडी उभ्या राहिल्या. या दरडींमध्ये खोऱ्याचा सगळा इतिहास उघडा पडलेला दिसतो. तळाशी एका जुन्या तलावाची चिकणमाती. तिच्यावर नद्यांनी, तळ्यांनी आणि वाऱ्याने आणलेली वाळू आणि पोयटा. बहुतेक हाडं इथली. याच थरांमध्ये ज्वालामुखीच्या राखेचा एक बारीक पट्टा आहे. ‘ओल्ड क्रो टेफ्रा’ या नावाने तो अलास्का-युकॉनभर थर जुळवायला वापरतात. त्याच्याही वर, बऱ्याच उंचीवर, हिमनदीमुळे तुंबलेल्या त्या तलावाची चिकणमाती. आणि अगदी माथ्यावर गेल्या काही हजार वर्षांचं पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा काळा थर.

कागदावर हे फार सोयीचं दिसतं. वरच्या चिकणमातीखाली जे सापडेल ते हिमयुगाच्या शेवटापेक्षा जुनं, हा सरळ नियम. अडचण एकच होती: खरवडणी दरडीत सापडलीच नव्हती.

नदी सगळ्यांना एका रांगेत बसवते

ती नदीने उघड्यावर टाकलेल्या हाडांमध्ये मिळाली होती. अशा ठिकाणी काय घडतं ते नीट समजून घ्यायला हवं, कारण सगळं प्रकरण इथे वळतं.

ओल्ड क्रोची जमीन पर्माफ्रॉस्ट आहे, म्हणजे वर्षानुवर्षं गोठलेली; उन्हाळ्यात वरची थोडीशी जाडी तेवढी वितळते. वसंतात नदीवरचा बर्फ फुटतो, पाणी एकदम चढतं आणि गोठलेल्या दरडीच्या पायथ्याला लागतं. पाणी नुसतं खरवडत नाही, ते जमिनीतला बर्फ वितळवतं. पायथ्याशी खोबण पडते, वरचा भाग अधांतरी राहतो आणि एक दिवस सगळी दरड कोसळते. कोसळलेल्या ढिगाऱ्यातला बारीक गाळ नदी वाहून नेते. हाडं जड, ती पुढच्या वळणावर, वाळूच्या पट्ट्यावर रेंगाळतात. एक लाख वर्षांपूर्वीचं मॅमथचं हाड, तीस हजार वर्षांपूर्वीचं घोड्याचं आणि माथ्यावरच्या पीटमधून घसरलेलं हजार वर्षांपूर्वीचं कॅरिबूचं हाड एकाच पट्ट्यावर शेजारी शेजारी येऊन बसतात. नदी वस्तू वजनाप्रमाणे आणि आकाराप्रमाणे निवडते, वयाप्रमाणे नाही.

त्यातही फसवणारी गोष्ट म्हणजे रंग. पाण्यातलं लोह आणि पीटमधलं आम्ल हाडांना तपकिरी ते काळपट रंग चढवतं, आणि तो चढायला फार काळ लागत नाही. त्यामुळे नवं हाडही जुन्यासारखंच मुरलेलं दिसतं. गोठलेल्या जमिनीत हाड कुजत नाही, म्हणून उष्ण प्रदेशात वयाचा अंदाज देणारी झीज किंवा भुसभुशीतपणाही इथे कामाचा नाही. तीस हजार वर्षांचं हाड इथे गेल्या शतकातल्यासारखं टणक असतं. थंडीने जपलेलं सगळं आपल्याला हवंहवंसं वाटतं. पण तिने काळाच्या खुणाही तितक्याच जपल्या असं नाही, उलट पुसल्या.

आणखी एक सूचना समोर होती. दातेरी टोकाची, हाडाच्या नळीची अशी खरवडणी ग्विचिन आणि शेजारच्या समाजांमध्ये अगदी अलीकडपर्यंत वापरात होती. म्हणजे ओल्ड क्रो गावातल्या वयस्क माणसांना ती ओळखीची वाटावी अशीच होती. 27,000 वर्षं एखादं अवजार तसूभरही न बदलता चालत आलं, हा एक अर्थ. ते फार जुनं नाहीच, हा दुसरा. पहिला अर्थ उत्तेजक होता, आणि कार्बन-14 ने त्याला दुजोरा दिल्यासारखं वाटलं. मला वाटतं, स्थानिक लोकांच्या हातातल्या वस्तूला त्या वेळी पुरावा म्हणून जेवढं वजन मिळायला हवं होतं तेवढं मिळालं नाही.

हाडातला कार्बन कोणाचा?

1973 चं मोजमाप निष्काळजीपणाने झालेलं नव्हतं. त्या काळच्या पद्धतीला पुष्कळ कार्बन लागे, म्हणून हाडाचा बराच मोठा तुकडा द्यावा लागे. कार्बन दोन ठिकाणांहून मिळू शकतो. एक कोलॅजन, म्हणजे हाडातलं प्रथिन. दुसरा हाडाच्या खनिजातला, अ‍ॅपेटाइटमधला कार्बोनेट. खरवडणीचं वय काढलं गेलं ते अ‍ॅपेटाइटवरून.

कोलॅजन प्राण्याच्या शरीरात तयार होतं आणि मेल्यावर त्यात नवी भर पडत नाही. ते नष्ट होतं किंवा टिकतं. अ‍ॅपेटाइटचं तसं नाही. हाड ओल्या जमिनीत पडून राहिलं की भूजलातला विरघळलेला कार्बोनेट खनिजात शिरतो आणि मूळच्या कार्बनची जागा घेतो. भूजल चुनखडकातून झिरपत आलेलं असेल तर त्या कार्बोनेटमध्ये कार्बन-14 जवळजवळ नसतोच. तो कोट्यवधी वर्षांपूर्वीच विघटित होऊन संपलेला असतो. असा ‘मृत’ कार्बन हाडात मिसळला की हाड आहे त्यापेक्षा जुनं दिसू लागतं.

किती मिसळावा लागेल? हिशोब करून पाहण्यासारखा आहे. कार्बन-14 वय काढण्याच्या रूढ सूत्राप्रमाणे 1,350 वर्षांच्या हाडात मूळच्या सुमारे 84 टक्के कार्बन-14 शिल्लक असतो. 27,000 वर्षांच्या हाडात साडेतीन टक्क्यांच्या आसपास. म्हणजे 84 टक्क्यांचं हाड साडेतीन टक्क्यांचं दिसायचं असेल, तर मोजलेल्या नमुन्यातला सुमारे 96 टक्के कार्बन मृत असायला हवा. थोडी भेसळ होऊन वय चुकलं असं हे चित्र नाही. अ‍ॅपेटाइटमध्ये प्राण्याचा स्वतःचा कार्बन जवळजवळ उरलाच नव्हता आणि प्रयोगशाळेने प्रामाणिकपणे मोजलं ते बाहेरून आलेल्या कार्बनचं वय, असा त्याचा अर्थ होतो. त्याच वेळी मोजलेल्या मॅमथच्या दोन हाडांची वयंही 25,000 ते 30,000 वर्षांच्या टप्प्यात आली होती. तेव्हा तिन्ही आकडे एकमेकांना आधार देतात असं वाटलं. पण एकाच पद्धतीने, एकाच प्रकारच्या खनिजावर काढलेले तीन आकडे एकमेकांचे स्वतंत्र साक्षीदार नसतात.

1970 च्या दशकाच्या अखेरीला कार्बन-14 चे अणू विघटनाची वाट न बघता थेट मोजण्याची त्वरक वस्तुमान वर्णपटमापनाची पद्धत आली. तिच्या पहिल्या जाहीर प्रयोगांपैकी एक नेल्सन यांच्याच गटाचा होता, 1977 चा. या पद्धतीला अगदी थोडा नमुना पुरतो, म्हणून दुर्मीळ अवजारातूनही जरासं कोलॅजन काढून तपासता येतं. 1986 मध्ये खरवडणीसोबत ओल्ड क्रोची इतर काही निर्विवाद अवजारंही तपासली गेली. सगळी 3,000 वर्षांच्या आतली निघाली.

आता उरली मॅमथची हाडं

मात्र ओल्ड क्रोचा दावा एका खरवडणीवर उभा नव्हता. सर्पिल आकारात फुटलेली, काठाने टवके निघालेली मॅमथची हाडं शेकड्यांनी मिळाली होती. ती माणसाने आतली मज्जा काढायला किंवा अवजारं करायला फोडली, असं अर्व्हिंग, मोर्लन आणि रॉबसन बॉनिक्सन यांचं म्हणणं होतं. अर्व्हिंग यांचा गट तर 1981 मध्ये याहून पुढे गेला: शेवटच्या हिमयुगाच्या आधीच्या उष्ण कालखंडापूर्वीही इथे माणूस होता, असं त्यांनी थरांच्या आधारे मांडलं. या हाडांच्या वयाबद्दल फारसा वाद नव्हता. पुढे मोर्लन आणि सहकाऱ्यांनी कोलॅजनवरून काढलेल्या वयांमध्येही मॅमथची कित्येक हाडं 25,000 ते 40,000 वर्षांची ठरली. वाद होता तो फोडणाऱ्याचा.

यावर एक प्रयोग झाला आणि तो अजून उल्लेखला जातो. बोस्टनच्या प्राणिसंग्रहालयातली जिन्सबर्ग नावाची हत्तीण मेल्यावर डेनिस स्टॅनफर्ड, बॉनिक्सन आणि मोर्लन यांनी तिची ताजी हाडं मोठ्या दगडाने फोडून पाहिली. हाडं तशीच सर्पिल फुटली, तसेच टवके निघाले, आणि टवक्यांनी मांसही कापता आलं. म्हणजे माणूस हे करू शकतो, एवढं सिद्ध झालं. पण माणूसच हे करू शकतो का?

1984 मध्ये रॉबर्ट थॉर्सन आणि डेल गथ्री यांनी या प्रश्नाला थंड प्रदेशाचं खास उत्तर दिलं. उत्तरेच्या नद्यांवर हिवाळ्यात जाड बर्फ धरतो. हाडं या बर्फात गोठून बसतात. वसंतात बर्फ फुटून त्याच्या लाद्या प्रवाहासोबत सरकतात तेव्हा त्यांत रुतलेली हाडं तळाच्या गोट्यांवर प्रचंड दाबाखाली घासली जातात, आपटतात, पिळली जातात. प्रयोगात या दोघांना माणसाने केल्यासारख्या दिसणाऱ्या ओरखड्यांच्या, घासून गुळगुळीत झालेल्या आणि फुटलेल्या कडांच्या खुणा मिळाल्या. ज्या नदीने हाडं पट्ट्यावर आणली, तिचाच बर्फ ती घडवूही शकतो. आफ्रिकेतल्या पाणवठ्यांवर गॅरी हेन्स यांनी केलेल्या निरीक्षणांनी यात भर घातली: हत्तींच्या पायांखाली हत्तींचीच ताजी हाडं सर्पिल फुटतात.

माणसाने फोडलं नाही हे यातून सिद्ध होत नाही. पण ‘फुटलंय असं, म्हणजे माणूसच’ हा पूल पडला. नदीच्या पट्ट्यावर मिळालेल्या हाडावरून तो पुन्हा बांधता येत नाही, कारण ते हाड किती हिवाळे बर्फात दळलं गेलं हे कळायचा मार्ग नाही.

आपल्याकडे याच जातीचा एक पेच पुणे जिल्ह्यात, कुकडी नदीकाठच्या बोरी इथे झाला आहे. तिथे नदीच्या गाळात ज्वालामुखीची राख आहे आणि सोबत निर्विवाद अश्युलियन, म्हणजे हातकुऱ्हाडींच्या प्राचीन परंपरेतली, दगडी अवजारं. माणसाचा हात नक्की. पण राखेचं वय पोटॅशियमच्या विघटनावर आधारलेल्या पोटॅशियम-आर्गन पद्धतीने सुमारे 14 लाख वर्षं आलं, पुढच्या मोजमापांत साडेसहा लाखांच्या आसपास आलं, आणि काही अभ्यासकांच्या मते ती सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची 75,000 वर्षांपूर्वीची राख आहे. प्रदेश उष्ण, खडक वेगळा. पण वाहत्या पाण्याने आणलेल्या दोन वस्तू शेजारी दिसल्या म्हणून समवयस्क धरायच्या का, हा प्रश्न तोच.

नदी सोडून गुहेत

ओल्ड क्रो खोऱ्याचा दावा डळमळीत होत असतानाच तिथून जवळजवळ 50 किलोमीटरवर नैर्ऋत्येला दुसरी जागा आकार घेत होती. 1975 मध्ये पुरातत्त्वज्ञ जॅक सँक-मार्स यांना ब्लूफिश नदीवरच्या चुनखडकाच्या डोंगरधारेवर हेलिकॉप्टरमधून काही लहान गुहा दिसल्या. 1977 ते 1987 या काळात त्यांनी तिथे उत्खनन केलं.

भूविज्ञानाच्या नजरेने या जागेचं महत्त्व तिच्या गाळात आहे. डोंगरावर नदी पोचत नाही. गुहांमध्ये साचला तो लोएस, म्हणजे कोरड्या हिमयुगात वाऱ्याने उडवून आणलेली पिवळसर, पिठासारखी बारीक माती. वारा हाड वाहून आणत नाही. त्यामुळे लोएसमध्ये जे हाड आहे ते तिथेच मेलेल्या जनावराचं, किंवा कोणीतरी आत ओढून आणलेलं: लांडगा, सिंह, अस्वल, किंवा माणूस. निदान नदीचा गोंधळ इथे वजा होतो.

सँक-मार्स यांना मॅमथच्या हाडाचा एक गाभा (ज्यातून टवके काढतात तो मूळ तुकडा) आणि त्याचा टवका मिळाला, सूक्ष्म दगडी पाती आणि कोरायची दगडी अवजारं मिळाली आणि घोडा, बायसन, कॅरिबूची हजारो हाडं मिळाली. त्यांच्या वयांवरून माणूस इथे 20,000 वर्षांहून खूप आधी येत होता, असं त्यांनी मांडलं. पण ओल्ड क्रोचं वय नुकतंच कोसळलं होतं. शेजारच्या खोऱ्यातला आणखी एक जुना दावा ऐकून घेण्याची फारशी कोणाची तयारी नव्हती. त्यांचं काम बरीच वर्षं बाजूला पडून राहिलं. खरवडणीच्या चुकीची किंमत एका वेगळ्या जागेने मोजली, आणि मला हे या प्रकरणातलं सगळ्यात क्लेशदायक पान वाटतं.

2017 मध्ये लॉरियान बूर्जों, आरियान बर्क आणि थॉमस हायम यांनी त्या संग्रहाची पुन्हा तपासणी प्रसिद्ध केली. सुमारे 36,000 हाडं आणि तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले गेले. दातांच्या खुणा, मुळांचे ओघळ, दगड पडून झालेले ओरखडे एकेक करून बाजूला काढले गेले. दगडी पात्याने कापल्याच्या निर्विवाद खुणा म्हणून शेवटी उरली 15 हाडं. त्यांतला सगळ्यात जुना घोड्याचा एक खालचा जबडा. त्याच्या आतल्या बाजूला, जीभ सोडवताना जिथे पातं लागतं नेमक्या तिथे, सरळ, समांतर, बारीक चिरा आहेत. जबड्याच्या कोलॅजनचं कार्बन-14 वय 19,650 वर्षं आलं. वातावरणातला कार्बन-14 कमीजास्त होत आल्यामुळे हा आकडा दिनदर्शिकेच्या वर्षांत बदलावा लागतो. तसा तो सुमारे 24,000 वर्षांपूर्वीचा होतो.

या पद्धतीत मला जे पटतं ते हे: खूण आणि वय दोन्ही एकाच हाडावर आहेत. शेजारच्या मातीचं, शेजारच्या कोळशाचं किंवा शेजारच्या हाडाचं वय उसनं घेतलेलं नाही. थर सरकला, गोठण्या-वितळण्याने दगड वर आले, घुशीच्या जातीच्या प्राण्यांनी बिळं केली, तरी या हाडाचं वय बदलत नाही. त्यामुळे वाद एकाच मुद्द्यावर आक्रसतो: त्या चिरा खरोखर दगडी पात्याच्याच आहेत का? 2020 मध्ये दोन अभ्यासकांनी तोच मुद्दा धरला. गुहेच्या छताचे चुनखडीचे धारदार तुकडे गोठण्या-वितळण्याने सुटून खाली पडतात, मातीत सरकतात. जनावरांच्या पायांखाली हाडं त्यांवर घासतात. गाळ कसा साचला याचा तपशील पुरेसा स्पष्ट झाल्याशिवाय या चिरा माणसाच्या म्हणता येणार नाहीत, असं त्यांचं म्हणणं. आक्षेप रास्त आहे. तरीही जीभ सोडवण्याच्या जागी नेमक्या पडलेल्या समांतर चिरा निव्वळ दगडांच्या घासण्याने येतील हे मला अवघड वाटतं. बाकीच्या 14 हाडांपैकी प्रत्येकाबद्दल मी तितक्या खात्रीने बोलणार नाही.

हात आणि वय दोन्ही निर्विवाद असलेली उत्तरेतली जुनी जागा पाहायची तर अलास्कात टनाना नदीच्या खोऱ्यात जावं लागतं. तिथल्या स्वान पॉइंटचा सगळ्यात खालचा मानवी थर सुमारे 14,000 वर्षांपूर्वीचा आहे. पाती, चुली, मॅमथचा सुळा आणि इतर हाडं लोएसच्या शांत थरांमध्ये, एकावर एक, जिथल्या तिथे बसलेली. वारा हळूहळू झाकत गेला आणि कोणी हलवलं नाही. 14,000 आणि 24,000 यांच्यामधल्या दहा हजार वर्षांसाठी पूर्व बेरिंजियात आजवर जे आहे ते मुख्यतः ब्लूफिशच्या चिरांवर उभं आहे.

दरडीत काय मिळायला हवं

ओल्ड क्रोच्या दरडी आजही कोसळताहेत, आणि पर्माफ्रॉस्ट वितळू लागल्यावर जास्तच. दर वसंतात नवी हाडं पट्ट्यांवर येतात. त्यातलं एखादं उद्या कोणी उचललं, त्यावर दाते पाडलेले असले, कोलॅजनचं वय 25,000 आलं, तर? तेवढ्याने भागणार नाही. हाड जुनं आणि काम नवं असू शकतं: गोठून टणक राहिलेलं हजारो वर्षांपूर्वीचं हाड किंवा मॅमथचा सुळा उचलून त्याची वस्तू करणं उत्तरेत नवल नाही. आर्क्टिकमध्ये मॅमथचा सुळा आजही कोरला जातो. ताज्या हाडावर काम झालं की जुन्यावर, हे फुटण्याच्या धारेवरून आणि खुणेच्या तळावरून दाखवावं लागेल.

आणि दरडीत, वरच्या चिकणमातीखाली, जागच्या जागी मिळालं तरी आणखी एक गोष्ट तपासावी लागेल. कडक हिवाळ्यात गोठलेली जमीन आकुंचन पावून तडकते. वसंतात फटीत पाणी शिरून गोठतं. दर वर्षी तीच फट पुन्हा उघडते, आणि शतकानुशतकांत खाली निमुळती होत गेलेली बर्फाची पाचर तयार होते. काही मीटर खोल, वर माणसाच्या हातभर रुंद किंवा त्याहूनही जास्त. हवामान बदलून ती वितळली की पोकळीत वरची माती कोसळते, सोबत वर पडलेल्या वस्तूही. हजार वर्षांपूर्वीचं अवजार तीस हजार वर्षांपूर्वीच्या थरात, बाजूने पाहिलं तर अगदी जिथल्या तिथे असल्यासारखं, उभं राहतं. ही पाचर ओळखायची ती तिच्या कडांवरून: शेजारचे थर पाचरीच्या बाजूने वर किंवा खाली वाकलेले असतात आणि आतला भराव त्यांना आडवा छेदतो. वितळून घसरलेल्या दरडीच्या तोंडावर हे दिसत नाही. आधी तो चिखल काढून मागच्या गोठलेल्या भिंतीपर्यंत जावं लागतं, भिंत स्वच्छ तासावी लागते आणि ती वितळून ओघळायच्या आत नोंद पुरी करावी लागते.